सोडलेली चटणी

"तोंडात टाक. नुसता वास घेऊन सांगू नकोस. जिभंवर ठेव, आन् मग बोल."

दरवर्षी चैत्रात, शिवाजी पेठेतल्या आकारामच्या डंकावर, संघा असं म्हणायची आणि चिमूटभर लाल चटणी माझ्या तळहातावर ठेवायची. डंकाची लोखंडी मुसळं उखळांत धाडधाड आपटत असायची, भोवतीच्या बायका पदर नाकाला लावून शिंकत असायच्या, आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या वर संघाचा आवाज असायचा. मी चटणी जिभेवर ठेवायची. डोळ्यांत पाणी यायचं. मग म्हणायची, "मीठ कमी आहे थोडं."

"काय?"

"मीठ."

"पोटातनं बोल गं! हितं काय देवळात बसलीयास व्हय?"

मग मी जमेल तेवढं ओरडायची, "मीठ कमी!" आणि संघा मान डोलवून आकारामला सांगायची, "बघा, देवमाणूस बोललं. घाला मूठभर."

आमच्या कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटात डाव्या बाजूला वाढायचा पदार्थ नव्हे. आमटीत ती, भाजीत ती, भाकरीवर तेल घालून ती. उन्हाळ्यात एकदा करायची आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायची. प्रत्येक घराची वेगळी, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. माझं माहेर गडहिंग्लजकडचं, सासर शुक्रवार पेठेतलं. पण माझ्या घरात गेली कित्येक वर्षं ना माहेरची चटणी होती ना सासरची. संघाची होती. मिरच्या ती आणणार, कांदा-खोबरं ती तळणार, लसूण किती हे ती ठरवणार. मी देठं काढायची, आणि शेवटी चव सांगायची. तेवढंच माझं काम. दोन बरण्या तिच्या, दोन माझ्या.

संघप्रिया एसटीत कंडक्टर. लेडी कंडक्टर नवीन होत्या, लोक वळून बघायचे, तेव्हापासूनची. माझी आई अंथरुणाला खिळली होती आणि मी दर आठवड्याला गडहिंग्लजची गाडी धरायची. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "गडहिंग्लज एक." तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. तरी नाही. तेव्हा ती सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "पावणं, पोटातनं बोला! आवाजाला तिकीट लागत न्हाय." गाडी हसली. मला रडू आलं. निपाणीच्या स्टँडवर खिडकीतून चहाचा कप आत आला आणि मागून तिचा चेहरा. "रागाला आला व्हय? माझा आवाजच असलाय. आईला काय झालंय तुमच्या?" मी आईचं काही बोलले नव्हते, तरी तिला कसं कळलं, ते मी कधी विचारलं नाही. पुढे तीच मला आईपर्यंत नेऊन आणून सोडायची म्हटलं तरी चालेल. आई गेली त्या दिवशीच्या गाडीतही तीच होती.

कोल्हापुरात वाढलेल्या पुष्कळ बायकांसारखी ती 'मी येतो, मी जातो' असं बोलते. मला ते आधी विचित्र वाटायचं. नंतर तिच्या तोंडी दुसरं काही शोभेना.

ती सिद्धार्थनगरातली, बौद्ध. तिच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. माझ्या गळ्यात इष्टलिंग. सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय मी पाण्याचा घोट घेत नाही. सोमवार धरते. श्रावण पाळते. संघाला यातलं काही पटत नाही आणि तिनं कधी त्याची थट्टाही केली नाही. म्हणजे, माझी केली. देवाची नाही. "तुझा देव तुझ्या हातात मावतोय, त्येवढं बरं हाय," असं एकदा म्हणाली होती. ती थट्टा आहे की कौतुक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या वर्षीची चटणी बिघडली, असं संघा म्हणाली. डंकावरच चाखून तिनं तोंड फिरवलं. "आगीचा डोंब हाय ह्यो. फसवलं त्या म्हातारीनं." संकेश्वरच्या स्टँडवर ज्या बाईकडून ती नेहमी मिरची घेते, तिच्याशी पुढच्या फेरीला जाऊन भांडली. ती बाई शपथा घेत राहिली. मला चटणी नेहमीसारखीच लागली होती, आणि तसं मी सांगितलंही. "तुला काय कळतंय," म्हणून संघानं वाटाण्याएवढा गूळ तोंडात टाकला.

मिरचीत काही नव्हतं. जिभेच्या कडेला एक बारीक फोड होती, ती बरी होईना. दिवाळी गेली, संक्रांत गेली. दात लागत असेल म्हणून ती दाताच्या डॉक्टरकडे गेली, त्यांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथं तुकडा काढून तपासायला दिला. होळीनंतर रिपोर्ट आला. जिभेचा कॅन्सर. एका बाजूचा भाग काढावा लागेल. तिथं हाताची कातडी लावतील. पुढे बोलता येईल, पण आधीसारखं येईल की नाही, ते आत्ता सांगता येणार नाही. चवीचंही तसंच.

तिचा मुलगा प्रसेनजीत हे मला फोनवर सांगत होता आणि मागून संघाचा आवाज येत होता. "सगळ्यांना सांग, तंबाखू न्हवती म्हणून! आयुष्यभर तिकिटं फाडली, तंबाखू न्हाय मळली!" आवाज जाड झाला होता, जसा तोंडात बोराची आठोळी ठेवून बोलावं तसा. पण मोठा तेवढाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसले. आमच्या शेजारच्या अंबूबाईंच्या परसात बेलाचं झाड आहे. रोज सकाळी मी भिंतीवरून विचारते, "अंबूबाई, बेल घेऊ का?" त्या रोज म्हणतात, "कितीदा इचारशील बाई, घे की." तरी मी विचारते. आईनं लावलेली सवय. दुसऱ्याच्या झाडाचं न विचारता देवाला वाहायचं नाही, ते पोचत नाही, असं ती सांगायची. त्या दिवशीही विचारून पानं आणली. लिंगावर पाणी घातलं, बेल वाहिला. आणि मग हात जोडता येईनात, कारण लिंग तळहातावर होतं. नुसती बघत राहिले. काय मागायचं ते माहीत होतं. त्याच्या बदल्यात काय द्यायचं ते कळत नव्हतं. साडी सोडणं सोपं. गोड सोडणं त्याहून सोपं, मला गोड आवडतच नाही. मला जे सोडवणार नाही, तेच सोडायला हवं होतं.

"संघा बरी होईपर्यंत चटणी सोडली," असं मी म्हटलं. हळूच. देवाला हळू बोललेलं चालतं.

माझे यजमान, सोमशेखर, नाश्त्याला बसले तेव्हा त्यांना सांगितलं. ते घास हातात धरून बसले.

"चटणी सोडलीस?"

"हो."

"आणि खाणार काय? ह्या घरात चटणी नसलेलं काय असतं? चहा?"

"बघू."

"अगं, श्रावणात सोडतात, त्याला शेवट असतो. हिला शेवट कुठाय?" मग बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाले, "बरं. पण माझी आमटी आळणी करू नकोस."

तेव्हापासून चुलीवर दोन भांडी चढू लागली. एक लाल, एक पिवळं. मी वरणात जिरं आणि मीठ घालून खायची. पहिले काही दिवस भाकरीचा तुकडा मोडला की हात आपोआप बरणीकडे जायचा. मग मला संघा आठवायची, आणि बरं वाटायचं. खरंच सांगते, बरं वाटायचं. तिच्यासाठी मी काहीतरी करते आहे, रोज, दोन्ही वेळा, हे मला जेवणापेक्षा जास्त भरायचं.

संघाला सांगितलं नाही. नवस असा सांगत फिरायचा नसतो, आणि तिला तो आवडणारही नव्हता.

दुपारी मी तिच्याकडे जायची. मऊ भात, पातळ आंबील, गव्हाची खीर, जे गिळता येईल ते घेऊन. ती रजेवर होती. दाराशी खुर्ची टाकून बसलेली असायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हटकायची. मी आले की पहिला प्रश्न ठरलेला.

"आज काय केलतंस?"

"वांगं."

"भरलं?"

"हो."

"कसं झालतं?"

"बरं झालं होतं."

"बरं म्हंजे? तर्री आलती का? लसूण लागत हुता का आता मुरून?"

मी खाल्लंच नव्हतं तर काय सांगणार? "ह्यांना आवडलं," असं म्हणायची. किंवा, "तू आधी आंबील घे, गार होईल." संघा माझ्याकडे बघायची आणि मग वाटी तोंडाला लावायची. मला वाटायचं, आजारी माणसापुढे तिखटाचं वर्णन कशाला करायचं? जे तिला मिळत नाही त्याची आठवण तरी कशाला? म्हणून मी विषय बदलायची. औषधांचं विचारायची. ती उत्तरं द्यायची, पण तिच्या उत्तरांतलं मीठ कमी कमी होत चाललं होतं. एक दिवस तर मी गेले तेव्हा ती दाराशी नव्हती. आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आज काय केलतंस," असं तिनं विचारलं नाही. मी भाताचा डबा ठेवला, तिच्या पायाशी बसून मनातल्या मनात जप केला आणि परत आले. जप चांगला झाला होता, म्हणून समाधानानं आले.

ऑपरेशनची तारीख डॉक्टरांनी आधीची दिली होती. संघानं ती चार-पाच दिवस पुढं ढकलून घेतली. "चौदा एप्रिल हुंदे. जयंतीच्या मिरवणुकीत एकदा गळा मोकळा करून घेतो, मग घाला कात्री." डॉक्टर हसले म्हणे. जयंतीच्या संध्याकाळी मी दसरा चौकात एका बाजूला उभी होते. निळे झेंडे, गुलाल नाही, निळाच रंग उधळलेला. पांढऱ्या साडीतल्या बायकांच्या रांगेत ती मला दिसली त्याच्या आधी ऐकू आली. जाड झालेल्या जिभेनं ती जय भीम म्हणत होती आणि पुढच्या रांगेतली माणसं मागं वळून बघत होती. मी लोकांच्या मागं सरकले. तिनं मला बघावं असं वाटेना. का, ते तेव्हा कळलं नाही.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी हे माझ्याबरोबर आले. ऑपरेशनच्या आधी भेटून येऊ म्हणाले. संघा त्यांना 'दाजी' म्हणते. बहिणीचा नवरा. दोघांचं चांगलं जमतं, कारण दोघंही एकदम बोलतात.

"काय दाजी, वाळलाय! आक्का जेवाय घालत न्हाय व्हय?"

"आता काय सांगू संघाताई," हे म्हणाले, "मला घालते. स्वतःच खात नाही. घरात आमटीची दोन भांडी चढतात. तुमच्यासाठी चटणी सोडलीय न्हवं तिनं. तुम्ही लवकर बऱ्या व्हा बाबा, नाहीतर आमची रुद्राणी पिवळी पडायची."

मी त्यांच्याकडे बघितलं तोवर सगळं बोलून झालं होतं. हे चहाचा कप उचलून प्रसेनजीतशी बोलायला बाहेर ओट्यावर गेले. अशा वेळी बाहेर जायचं त्यांना बरोबर कळतं.

मला वाटलं, आता संघा ओरडणार. ती ओरडली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती हळू बोलली.

"कवा सोडलीस?"

"रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"कुणाला इचारून?"

"असं विचारून सोडतात का कोण?"

"माझ्या नावानं सोडलीस न्हवं? मग मला इचारायचं." एकेक शब्द ती जिभेच्या चांगल्या बाजूनं ढकलत होती. "तुझा देव तुझ्या हातात, मी कवा मधी आलो न्हाय. सोमवार धर, उपास कर, लिंग पूज. ते तुझं हाय. पर चटणी माझी हाय रुद्रे. माझ्या हातची. ती तू माझ्यासाठीच टाकलीस?"

"टाकली नाही. सोडली."

"मला काय फरक? तुझ्या ताटात न्हाय, म्हंजे न्हाय." तिनं पाण्याचा घोट घेतला. गिळताना डोळे मिटले. "मी तुला रोज इचारतोय, काय केलतंस, कसं झालतं. तुला काय वाटलं, तुझ्या सैपाकाची परीक्षा घेतोय मी? मला मिरचीचा कण चालत न्हाय. दूधभात गिळून बसतो. तू दुपारी यायचीस, म्हणलं आता ही सांगंल. वांगं कसं झालतं, ठसका लागला का, दाजींनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या का. तू खाणार आन् मला सांगणार, तेवढंच माझं जेवण. आन् तू म्हणायचीस, 'बरं झालं होतं'. डबा ठेवून जायचीस. मला वाटलं, संपलं. हिनंबी मला आजाऱ्यात काढलं."

बाहेर हे प्रसेनजीतला पेट्रोलच्या भावाबद्दल काहीतरी सांगत होते.

"बोल की."

"मला वाटलं, तुला त्रास होईल. आठवण येऊन."

"आठवण यावी म्हणूनच इचारत हुतो न्हवं." मग ती उठली, कॉटखाली वाकली आणि एक पोतं ओढून बाहेर काढलं. दुसरं काढलं. मिरच्यांचा वास खोलीभर झाला. एकात ब्याडगी, दुसऱ्यात जवारी संकेश्वरी. "डेपोतल्या पोरींनी आणून दिल्या. त्या म्हातारीला सांगाय लावलं, चूक माझी हुती. तिनं दोन मुठी वरनं घातल्या." पोत्याला पाठ लावून ती जमिनीवरच बसली. "आता ऐक. परवा माझं ऑपरेशन. तू दवाखान्यात यायचं न्हाय."

"असं कसं संघा?"

"तू येणार, कोपऱ्यात बसणार, जप करणार. प्रसेन हाय तितं, त्येची आत्या हाय. तू डंकावर जायचं. कांदा, खोबरं, मसाला आधल्या दिवशी तळून ठेव. कसं तळायचं ते तू बघितलंयस. आकारामला सांग, पयल्यांदा मिरची, मग मसाला, शेवटी लसूण. आन् चव तू घ्यायचीस. वास घेऊन न्हाय."

"लिहून घेऊ का किती काय घालायचं?"

"लिहून घेऊन काय करशील, कागद खाशील? चव घे. कमी पडलं ते घाल. मी शुद्धीवर आलो की मला येऊन सांगायचं. पोटातनं." ती हसली, एका बाजूनं. "मला बोलाय येणार न्हाय त्या दिवशी. मीठ जास्त झालं म्हणालीस तरी भांडता येणार न्हाय. नुसती ऐकून घेणार. असा चान्स तुला आयुष्यात परत मिळायचा न्हाय."

मला हसू आलं. जे मनात होतं ते शेवटी बोलून टाकलं. "आणि ऐन ऑपरेशनच्या दिवशी मी सोडलेलं तोंडात घातलं, आणि तुला काही झालं तर?"

तिनं माझ्याकडे बघितलं. आता मात्र तिचा आवाज नेहमीसारखा झाला. बाहेरचे दोघं गप्प झाले.

"झालं तर गाठीनं हुईल! तुझ्या जिभंनं न्हाय!"

मग हात पुढं केला. "शब्द दे."

मी मान हलवली.

"पोटातनं."

"जाते," मी म्हटलं. "डंकावर जाते. चव घेते. येऊन सांगते."

पोती हे रिक्षात ठेवत होते तेव्हा संघा दारात उभी होती. मला म्हणाली, "काल चौकात लांब का हुबी हुतीस? मी बघितलं की तुला."

शब्द देऊन झाला, पण त्यानं आतली भीती गेली नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर मिरच्या उन्हात पसरल्या. मी आणि हे देठं काढत बसलो. हे अधूनमधून शिंकत होते आणि शिंकांच्या मधे म्हणत होते, "मी बोलायला नको होतं बघ."

"बरं झालं बोललात," मी म्हटलं. तेही खरं होतं.

हात चालत होते आणि मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. देवापुढे बोलून सोडलेलं असं परत तोंडात घालायचं कसं? मी आजवर एकही व्रत मध्ये टाकलेलं नाही. ताप असतानाही सोमवार केला आहे. हा सगळा महिना मी मनाशी धरून चालले होते की मी टिकले तर संघा टिकेल. माझ्या ताटातलं पिवळं वरण तिच्या बाजूनं लढतंय, असं मला खरंच वाटत होतं. आता तीच म्हणत होती, लढू नकोस, जेव. संध्याकाळी कांदा तांबूस तळला, खोबरं भाजलं, धणे, तीळ, खसखस वेगवेगळी परतली. घरभर तिच्या घरचा वास झाला. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, खोल श्वास घेतला आणि परत गेले.

ऑपरेशनच्या सकाळी आंघोळ केली आणि भिंतीशी गेले. अंबूबाई परसात भांडी घासत होत्या.

"अंबूबाई, बेल घेऊ का?"

"घे की बाई. रोज इचारतीस, मला लाज वाटाय लागलीय आता."

मी डहाळी वाकवली आणि हात तिथंच थांबला. रोज विचारते. एवढ्याशा पानाला विचारते. दुसऱ्याच्या झाडाचं न विचारता वाहिलेलं पोचत नाही, हे मला कळतं म्हणून विचारते. आणि चटणी? तिची मिरची, तिचा कांदा, तिचा हात, तिनं भरून दिलेली बरणी. ती मी उचलली आणि न विचारता देवापुढे ठेवून आले. वर महिनाभर समाधानात राहिले, की मी किती दिलं. चौकात तिच्या नजरेसमोर का जाववलं नाही, तेही आता कळलं.

"काय झालं गं?" अंबूबाई म्हणाल्या. "मुंगी चावली व्हय?"

"नाही," मी म्हटलं. "घेते."

पूजेला बसले. लिंग तळहातावर घेतलं, पाणी घातलं, बेल वाहिला. देवाला सांगितलं की ते माझं नव्हतं. ज्याचं होतं त्यानं परत मागितलं आहे, म्हणून नेते. त्याच्या जागी दुसरं काही ठेवलं नाही. ठेवावंसं फार वाटलं. हात रिकामा ठेवायची मला सवय नाही. पण दुसरं काही ठेवलं असतं तर पुन्हा तेच मनाशी धरून बसले असते, आणि तिच्याकडे बघायचं राहिलं असतं. मागणं मात्र मागितलं. मागायचं मी सोडलेलं नाही. खूण काही मिळाली नाही. लिंग थंड होतं, रोजच्यासारखं. भीतीही होतीच. मी ती तशीच घेऊन उठले.

प्रसेनजीतचा फोन आला. "मावशी, आत नेलं आईला. जाताना दारात स्ट्रेचर थांबवायला लावलं तिनं. मला म्हणाली, मावशीला फोन कर आन् इचार, निघाली का."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, करतो फोन. तर म्हणाली, मी आत गेल्यावर कर, न्हाईतर ती हिकडं यील."

मी फोन ठेवला. मिरच्यांची पोती दाराशी आणली, तळलेल्या मसाल्याचे डबे पिशवीत भरले, सोललेला लसूण वेगळा घेतला. मीठ वेगळं घेतलं, जरा जास्तच. ह्यांनी चपला घातल्या होत्या. "सोडायला येऊ?"

"नको. तुम्ही दवाखान्यात जा. प्रसेनजवळ बसा."

"आणि तू एकटी?"

"मला काम आहे," मी म्हटलं.

कोपऱ्यावर रिक्षा थांबली. पोती आत ठेवून दिली त्या रिक्षावाल्यानं, आणि नाकाला रुमाल लावून पुढं बसला. "कुठं जायचं?"

"शिवाजी पेठ. आकारामच्या डंकावर."

तो आरशातून बघायला लागला. "वैनी, ऐकू येतंय मला. वरडताय कशाला?"

मी पिशवी मांडीवर घेतली आणि पदर खोचला. रिक्षा निघाली.